मर्सिडीजच्या चाकातली भोकं: वाद २०१८ चा, मूळ १९६९ चं

फॉर्म्युला वनमध्ये चाकावरून भांडण निघालं की आमच्या फोंड्याच्या पोरांत लगेच दोन पार्ट्या पडतात आणि सगळे २०१८ च्या मर्सिडीजच्या चाकातल्या भोकांवरच अडकतात, पण मुद्दा त्याच्या खूप आधीचा आहे.

६८-६९ साली गाड्यांना उंच विंग (हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणारे पंख) आल्या, काहींच्या तर थेट सस्पेन्शनवर बसवलेल्या. १९६९ ला बार्सिलोनाच्या मोंजुइकला लोटस टीमच्या दोन्ही गाड्यांच्या, म्हणजे ग्रॅहम हिल आणि योखेन रिंटच्या, विंग मोडून भयानक अपघात झाले आणि पुढच्याच रेसला, मोनॅकोला, उंच विंग बंद. तेव्हापासूनचा मूळ नियम असा होता की एरोचा, म्हणजे हवेच्या प्रवाहाचा, फायदा देणारा भाग बॉडीला घट्ट बसलेला पाहिजे, हलता कामा नये. आता चाक तर फिरणारच ना! म्हणून चाकातून हवा सोडली की पहिला प्रश्न, ही कूलिंगसाठी की एरोसाठी? १९७८ ला ब्रॅबम टीमनेही मागचा मोठा पंखा कूलिंगचा म्हणूनच दाखवला, खरं तर तो गाडीखालची हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवत होता, त्यांचा ड्रायव्हर लाउडा स्वीडनला जिंकला आणि गाडी पुन्हा रेसला उतरली नाही. २०१२ ला रेड बुलच्या पुढच्या हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) भोकंही कॅनडाच्या आधी बंद करायला लावली.

टायर तापला की काय होतं ते आपल्याला, उसगावला एमआरएफ असलेल्या लोकांना, वेगळं सांगायला नको, मे महिन्यात पणजीहून काणकोणपर्यंत गाडी मारा आणि तिथे हवा चेक करा, प्रेशर चढलेलंच असतं. रेसमध्ये कार्बन ब्रेक १००० डिग्रीपर्यंत जातात, ती उष्णता रिममध्ये (टायर ज्यावर बसतो तो धातूचा भाग), रिममधून आतल्या हवेत, मग प्रेशर वाढून टायर फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, रबर घसरून अजून तापतं आणि ग्रिप गेली. मर्सिडीजचं मागच्या टायरचं जुनं दुखणं हेच.

२०१८ ला बेल्जियमच्या स्पा रेसपासून त्यांनी मागे नवीन रिम आणली, रिम आणि हबच्या मधल्या स्पेसरला (अंतर राखणाऱ्या चकतीला) बारीक भोकं, गरम हवा बाहेर काढायला. फेरारीने शंका काढली. एफआयए म्हणजे रेसचे नियम करणारी संस्था, तिच्या टेक्निकल लोकांनी ओके दिलेलं, पण ते फक्त मत असतं, निकाल स्टुअर्ड्स, म्हणजे रेसचे पंच, देतात, म्हणजे जिंकलेली रेसही दुसऱ्या टीमच्या तक्रारीत (प्रोटेस्टमध्ये) हातची जाऊ शकते. म्हणून अमेरिकेत ऑस्टिनच्या रेसला मर्सिडीजने भोकं स्वतःच बुजवली, तिथे फेरारीचा रायकोनेन जिंकला, मर्सिडीजचा हॅमिल्टन तिसरा. मग मेक्सिकोला मर्सिडीजनेच स्टुअर्ड्सना विचारलं आणि त्यांनी डिझाइन नियमात बसतं म्हणून सांगितलं. माझ्या मते इथे चूक पद्धतीची आहे, टीमने आधी विचारून पार्ट बनवला तर त्याला मिळालेलं उत्तर पक्कंच पाहिजे, नाहीतर विचारायचं कशाला?

२०२२ ला १८ इंची चाकं आली, सगळ्यांना रिम एकाच कंपनीची, त्यामुळे रिमचा खेळ संपला आणि डोकं लागलं ते आतल्या ब्रेक ड्रमवर (ब्रेकभोवतीच्या आवरणावर). २०२५ ला मॅक्लारेनचे मागचे टायर एवढे थंड कसे राहतात म्हणून रेड बुलने संशय घेतला तो तिथेच, एफआयएने तपासलं, गाडी नियमात निघाली.