विरोधकांचे तिकीट : विदर्भातली वाट

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे ग्रामीण विदर्भात तिकिटासाठी रस्सीखेच चालायची ती काँग्रेसमध्ये. विरोधकांची अडचण उलटी होती : उभे करायचे कुणाला? १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर तर तालुक्यातल्या होतकरू माणसाला काँग्रेसमधून सत्तेची पहिली पायरी घराजवळच दिसू लागली.

मग नाव बाहेरून आणायचे. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात, मतदारसंघ दोन जागांचा) राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोघेही जिल्ह्याबाहेरचे. मेहता जिंकले. बाबासाहेबांना काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी हरवले. नाव केवढेही मोठे असो, गावोगावच्या मतांची जुळणी वेगळीच असते.

दुसरी वाट आंदोलनाची. इथे पक्ष उमेदवार शोधत नसे, आंदोलनातून पुढे आलेल्या माणसाला चिन्ह लागे. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे वेगळ्या विदर्भाची हाक देत १९७१ साली नागपूरचे खासदार झाले ते फॉरवर्ड ब्लॉककडून. पक्षाचा मूळ जोर बंगालात. इकडे पक्ष म्हणजे धोटेच. १९८० साली तेच धोटे इंदिरा काँग्रेसकडून त्याच जागेवर निवडून आले! १९८९ साली अमरावतीतून कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख लोकसभेत गेले. शेतकरी संघटनेचे वामनराव चटप २००४ साली राजुऱ्यातून आमदार झाले, तेव्हा चिन्ह स्वतंत्र भारत पक्षाचे होते.

अकोल्यात प्रकाश आंबेडकरांनी बहुजन महासंघाच्या माध्यमातून वेगळा प्रयोग केला : मोठ्या जातींपुढे ज्यांना कुणी विचारत नव्हते अशा छोट्या ओबीसी समाजांतल्या माणसांना उमेदवारी. मला सगळ्यांत कल्पक वाटतो तो हाच. त्याला ‘अकोला पॅटर्न’ म्हणतात.

पण १९९८ साली रिपब्लिकन नेते अकोला, अमरावती आणि चिमूर अशा विदर्भातल्या तीन जागांवर जिंकले ते काँग्रेसशी समझोता करून. युत्या-आघाड्यांच्या काळात आधी जागा कुणाच्या वाट्याला ते ठरते, माणूस नंतर. ती बैठक बहुधा मुंबईत. गावाकडचा इच्छुक अर्ज भरून तहसीलच्या आवारात एबी फॉर्मची, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असे पक्षाने लिहून दिलेल्या कागदाची, वाट पाहतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हा फॉर्म पोचला नाही, तर पक्षाचे चिन्ह मिळत नाही.