दोन गंधारांच्या मधली जागा

१६ जुलै १९३०. हॉलिवूडमध्ये व्हिक्टर कंपनीच्या ध्वनिमुद्रणासाठी तिघं जमले होते. गायक जिमी रॉजर्स, मिसिसिपीतला गोरा, पूर्वी रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार, क्षयाने पोखरलेला. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर त्याची पत्नी लिल हार्डिन, दोघंही जॅझमधले कृष्णवर्णीय कलाकार. गाणं ‘ब्लू योडल नंबर ९’, गायक कंट्रीचा, म्हणजे ग्रामीण गोऱ्यांच्या संगीताचा, साचा ब्लूजचा, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या गाण्याचा. तबकडीवर नाव मात्र एकट्या रॉजर्सचं.

कंपन्या तेव्हा काळ्या श्रोत्यांसाठी ‘रेस’ आणि ग्रामीण गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’ अशा वेगळ्या याद्या काढत. ही भिंत दुकानात होती. रेल्वेमार्गावर काळ्या मजुरांची गाणी ऐकलेल्या रॉजर्सच्या कानात ती नव्हती.

ब्लूजचा जीव ज्या स्वरात आहे, तो पियानोवर सापडत नाही. षड्ज सेकंदाला २२० कंपनांचा धरला, तर पियानोचा कोमल गंधार २६१.६ वर आणि शुद्ध गंधार २७७.२ वर येतो. मधे पट्टीच नाही. ब्लूज गाणारा गळा नेमका याच मोकळ्या जागेत फिरतो, कधी खालून वर सरकतो, कधी अधांतरी थांबतो. आपल्याकडे मींड ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. हाच ‘ब्लू नोट’. पियानोवादक त्याचा भास निर्माण करायला दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदम दाबतात. ट्रम्पेटवाला ओठांचा ताण किंचित बदलून स्वर वाकवतो. गिटारवर तारेवरून बाटलीची मान किंवा धातूची नळी सरकवली की पडद्यांचं बंधन सुटतं. ब्लूजवाल्यांची ही सरकती तार आणि हवाईहून आलेली स्टील गिटार यांचा आवाज म्हणूनच सख्ख्या भावंडांसारखा वाटतो.

रॉजर्सने त्यात योडल घातलं, म्हणजे साध्या आवाजातून एकदम वरच्या पातळ आवाजात उडी घेणं. साध्या आवाजात स्वरपटल जाड असतात आणि त्यांचा मोठा भाग थरथरतो. गळ्यातला एक स्नायू सैल पडून ते ताणले गेले की फक्त पातळ कडा कंपित होतात आणि आवाज टुणकन वर जातो. बहुतेक गायक हा सांधा झाकायला वर्षानुवर्षं रियाज करतात. रॉजर्सने तोच उघडा ठेवला, आणि मला त्याच्या गाण्यातलं दुःख तिथेच ऐकू येतं.

रॉजर्स मात्रांच्या बाबतीत सैल होता, साथीदारांना त्याच्यामागे जावं लागे. पण ब्लूजचं बारा बारचं (म्हणजे मात्रांच्या बारा खंडांचं) आवर्तन मोठं सोयीचं असतं: ओळ गायली की जागा सुटते, तिथे वाद्याने उत्तर द्यायचं. आर्मस्ट्राँग तिथे बोलतो, आणि गाणाऱ्याच्या ओळीखालीही हलकेच चालत राहतो.

रॉजर्स १९३३ साली गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. १९७० मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आर्मस्ट्राँग पाहुणा म्हणून आला. कॅशने ते जुनं गाणं म्हटलं आणि चाळीस वर्षांनी आर्मस्ट्राँगने पुन्हा त्या ओळींना ट्रम्पेटवर उत्तरं दिली.