गोटीसोडा आणि मेंदूतली झडप

गोटीसोड्याची बाटली बडोद्यात कोणाला नवी नाही. वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते; अंगठ्याने जोर दिला की फटकन आत जाते. मेंदूतला एनएमडीए रिसेप्टर समजायला ही बाटली बरी पडते, फक्त दिशा उलटी धरायची.

हा रिसेप्टर म्हणजे चेतापेशीच्या आवरणात बसलेली, प्रथिनाच्या चार तुकड्यांची झडप. तिच्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. इथे दाब विजेचा: पेशी शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते, म्हणून धनभारित मॅग्नेशियम आत ओढला जाऊन तिथेच रुततो. शेजारच्या पेशीने ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सोडलं, जोडीला ग्लायसिन किंवा डी-सेरीन हा मदतनीस रेणू येऊन बसला, तरी गोटी ढिम्म. पेशी त्याच वेळी उत्तेजित असली तरच ती सुटते, कॅल्शियम आत शिरतं आणि दोन पेशींमधली जोडणी पक्की होते. नवी आठवण बसायला हे लागतं. मॅग्नेशियमची ही करामत 1984 साली उलगडली.

कॅल्शियम मापात हवं. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की ग्लुटामेट साचत जातं, कॅल्शियम भसाभस आत येतं आणि पेशी मरतात. मग झडपच बंद केली तर? तशी औषधं रुग्णांवर वापरून पाहिली, पण फसली. अल्झायमरसाठीचं मेमँटिन हे औषध ही झडप सौम्यपणे अडवतं. ते रोज 5 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला वाढवत 20 वर नेतात. गुण बेताचाच.

खरा चकवा उलट्या प्रकारात आहे, अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस या मेंदूच्या आजारात. शरीराचीच प्रतिपिंडं, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं, या रिसेप्टरांना चिकटतात, त्यांच्या जोड्या बांधतात आणि पेशी ते आत ओढून घेते. पेशी जिवंत, झडपा गायब. न्यूरॉलॉजिस्ट जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी 2007 साली या आजाराचा उलगडा केला.

बहुतेकदा रुग्ण तरुण मुलगी असते. आधी ताप, डोकेदुखी. मग झोप उडते, संशय येतो, बडबड सुरू होते. घरात मीठ-मोहरीने दृष्ट काढून होते, कोणी परीक्षेच्या ताणावर ढकलतं, मग मानसोपचारतज्ज्ञ. पुढे आकडी, ओठ-जिभेच्या विचित्र हालचाली, कधी श्वासच मंदावतो. मानसिक लक्षणांसोबत यातलं काही दिसलं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर नको.

एमआरआय अनेकदा स्वच्छ येतो, त्यावर विसंबू नये. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, बहुधा बिघडलेला असतो. निर्णायक तपासणी पाठीतल्या पाण्याची. नुसत्या रक्तात प्रतिपिंडं कधीकधी सापडत नाहीत. 'पाठीत सुई टोचली की लकवा होतो' ही भीती निराधार आहे. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते. रक्ताचा नमुना मात्र इम्युनोग्लोब्युलिन हे औषध चढवण्याआधी घ्यावा, कारण त्यात इतरांची प्रतिपिंडं असतात आणि निकाल गोंधळू शकतो.

उपचारात मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 1 ग्रॅम, 5 दिवस. इम्युनोग्लोब्युलिन किलोमागे 0.4 ग्रॅम, तेही 5 दिवस. स्त्रियांमध्ये अंडाशयात टेराटोमाची गाठ शोधतात. सापडली तर काढावीच लागते, नाहीतर प्रतिपिंडं बनतच राहतात. गुण आला नाही तर रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. 2013 साली छापलेल्या 577 रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षं पाठपुरावा झालेल्यांपैकी सुमारे 80 टक्के चांगले सावरले होते.

मुलगी बरी होऊन घरी येते, पण आजारातले आठवडे तिला सहसा आठवत नाहीत. घरचे आठवण करून देतात, तरी उपयोग होत नाही. त्या दिवसांत झडपाच जागेवर नव्हत्या, आठवण बसणार कुठे?