पार्श्वभूमी : झटपट डावांनी खेळ सुधारतो का?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बुद्धिबळाच्या बहुतेक खुल्या स्पर्धा रविवारी सकाळी सुरू होतात आणि संध्याकाळी बक्षीस वाटून संपतात. त्यामागे खेळाच्या तत्त्वापेक्षा वेळापत्रक जास्त आहे. प्रत्येकी १५ मिनिटे अधिक दर चालीला ५ सेकंद असा वेळ ठेवला तर ६० चालींचा डावसुद्धा ४० मिनिटांत उरकतो. सात फेऱ्या, जेवण आणि पेअरिंग (कोणाची गाठ कोणाशी) लावण्याचा खोळंबा धरूनही शहाद्याचे किंवा चोपड्याचे पालक रात्री घरी पोचतात. ९० मिनिटे अधिक ३० सेकंद या वेळेत मात्र एकेक फेरी चार तासांपर्यंत लांबते. दिवसाला दोन फेऱ्या घेतल्या तरी नऊ फेऱ्यांना पाच दिवस लागतात. म्हणजे मुक्काम, शाळेची रजा आणि बहुधा पुण्या-मुंबईची गाडी. इकडच्या मुलाचे पहिले कित्येक डाव जलदच होतात, ते यामुळे. त्यात २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाने रोजच्या तीन-तीन मिनिटांच्या डावांची भर घातली.

ओट्यावरच्या देशी बुद्धिबळाला घड्याळ नव्हते. स्पर्धेसाठी जोडघड्याळ आले ते १८८३ च्या लंडन स्पर्धेत, तेही डाव लवकर संपावा म्हणून नव्हे, तर एकाच खेळाडूने तासन्‌तास पटाकडे बघत बसू नये म्हणून. झटपट डाव पुढे कित्येक दशके मुख्य स्पर्धा संपल्यानंतरची करमणूक राहिले. १९७० मध्ये युगोस्लाव्हियातल्या हेर्सेग नोवी येथे नामांकित ग्रँडमास्टरांची ५ मिनिटांची स्पर्धा झाली. तीत एका अमेरिकी खेळाडूने २२ पैकी १९ गुण घेतले आणि दुसऱ्या क्रमांकाला साडेचार गुणांनी मागे टाकले. दोन वर्षांनी तो जगज्जेता झाला, तेव्हापासून झटपट डावांचे समर्थक हे उदाहरण देत आले आहेत. दुसरे उदाहरण आपल्याकडचे. ऐंशीच्या दशकात मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या क्लबात, जिंकेल तो बसेल आणि हरेल तो उठेल या रिवाजाने ब्लिट्झ (अगदी थोड्या मिनिटांचे डाव) खेळत वाढलेला मुलगा पुढे जगज्जेता झाला.

दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण दोन्हीत एक गोष्ट गाळली जाते. अमेरिकी खेळाडू सोव्हिएत मासिकांतले डाव मुळातून वाचता यावेत म्हणून रशियन शिकला होता. मद्रासचा मुलगा त्याच वर्षांत लांब वेळेच्या स्पर्धाही खेळत होता. वेग त्यांच्या तयारीवर बसलेला होता. नुसत्या वेगातून ती तयारी झाली, असा पुरावा या गोष्टींत नाही.

याच अमेरिकी खेळाडूला १९८९ मध्ये एका घड्याळाचे पेटंट मिळाले. चाल केली की ठरावीक सेकंद खात्यात जमा होणार, म्हणजे आजचे इन्क्रिमेंट. चावीच्या घड्याळांवर हे जमत नसे. त्या काळात जलद डाव म्हणजे सपाट, दर चालीला भर नसलेली १५, २० किंवा २५ मिनिटे, आणि शेवटी हत्ती विरुद्ध हत्ती अशा स्थितीत कोणाचा फ्लॅग (वेळ संपल्याची खूण) आधी पडतो एवढाच प्रश्न उरे. जिंकण्याची रीत माहीत असूनही ती पटावर उतरवायला वेळ नसे, त्यामुळे एन्डगेम, म्हणजे थोडी मोहरी उरल्यावरचा शेवटचा खेळ, शिकण्याला बक्षीसच नव्हते. डिजिटल घड्याळे लहान गावांपर्यंत पोचल्यावर हे बदलले. झटपट डावांच्या इतिहासात सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी घटना कोणती, तर हीच.

आता वादाच्या मुद्द्याकडे : किती मिनिटांचा डाव ब्लिट्झ आणि कितीचा त्याहून लांब, म्हणजे रॅपिड? २०१२ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने रॅपिड आणि ब्लिट्झची स्वतंत्र रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारे गुण) सुरू केली. तेव्हा १५ मिनिटांपासून पुढे रॅपिड आणि त्याखाली ब्लिट्झ असा हिशेब होता. जुलै २०१४ पासून रेघ खाली सरकली : १० मिनिटे किंवा कमी म्हणजे ब्लिट्झ, १० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी म्हणजे रॅपिड. मोजताना मूळ वेळेत इन्क्रिमेंटच्या साठपट भर घालायची. म्हणून १० अधिक ३ हा डाव १३ मिनिटांचा धरतात. तो आधी ब्लिट्झ होता, आता रॅपिड आहे. ५ अधिक ५ बरोबर १० वर थांबतो, म्हणून ब्लिट्झ. आणि सपाट १० मिनिटांचा डाव नव्या-जुन्या दोन्ही नियमांत ब्लिट्झच.

ऑनलाइन मात्र तोच १० मिनिटांचा डाव रॅपिड म्हणून नोंदला जातो. एका मोठ्या संकेतस्थळाने तो २०२० च्या सुमारास ब्लिट्झमधून उचलून रॅपिडमध्ये नेला. दुसरे एक संकेतस्थळ इन्क्रिमेंटची साठऐवजी चाळीसपट भर घालते आणि ८ मिनिटांपासूनच रॅपिड म्हणते. संकेतस्थळांच्या बाजूने एक म्हणणे रास्त आहे : फोनवर अर्धा तास सलग बसणारे थोडे, आणि त्यांच्यात १० मिनिटे हा खरोखर लांब डाव. पण घोटाळा पालकांचा होतो. ‘ब्लिट्झ बंद, फक्त रॅपिड खेळ’ असे प्रशिक्षकाने सांगितले की मुलगा १० मिनिटांवर जातो आणि घरी सगळ्यांना वाटते की शिस्त आली. ४० चालींचा डाव धरला तर सपाट ३ मिनिटांत एका चालीला साडेचार सेकंद मिळतात, ३ अधिक २ मध्ये साडेसहा आणि सपाट १० मध्ये १५. १५ अधिक १० मध्ये हा आकडा ३२ च्या वर जातो, आणि ९० अधिक ३० मध्ये १६५ होतो. समोरच्याची धमकी, स्वतःच्या दोन-तीन पर्यायी चाली आणि त्यांची उत्तरे बघून परत खात्री करायची, तर नवशिक्याला १५ सेकंद पुरत नाहीत. त्याच्या हातून पहिली सुचलेली चालच होते. पाटी बदलली तरी सवय तीच राहते. महासंघाची रेघ आमच्या मते अधिक प्रामाणिक आहे, जरी तीही सरावाच्या सोयीसाठी नव्हे, रेटिंगच्या कारभारासाठी ओढलेली असली तरी.

संशोधनाचा आधार दोन्ही बाजू घेतात. २००४ च्या एका अभ्यासात असे दिसले की, खेळाडूंच्या ताकदीतल्या फरकापैकी ८१ टक्क्यांपर्यंतचा भाग ब्लिट्झमधल्या कामगिरीवरूनच सांगता येतो. याचा अर्थ एवढाच की जो बलवान तो वेगातही बलवान. वेगात खेळून माणूस बलवान होतो, हे त्यातून निघत नाही, पण वाद घालताना नेमकी हीच उडी मारली जाते. २००५ च्या दुसऱ्या अभ्यासात एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांचा रेटिंगशी सर्वांत घट्ट संबंध आढळला. स्पर्धेतल्या डावांचा संबंधही त्यापेक्षा कमी निघाला. २००७ मध्ये आणखी एका गटाने दाखवले की, वेळ आक्रसला की रेटिंगवरून निकालाचा अंदाज करणे अवघड होत जाते, म्हणजे सावकाश विचार बलवानांनाही कमी लागत नाही.

झटपट डावांवर वाढलेला मुलगा लांब स्पर्धेत गेला की खुणा लगेच दिसतात. डाव वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि ३० सेकंदांच्या भरीमुळे त्याच्या घड्याळात सुरुवातीच्या ९० पेक्षा जास्त मिनिटे उरलेली असतात. सापळ्यावर बेतलेली ओपनिंग (डावाच्या सुरुवातीची ठरलेली मांडणी) पाचव्या-सहाव्या चालीला उलटते. फोनवर बेकायदा चाल होतच नाही, त्यामुळे राजा शहात सोडणे, दोन्ही हातांनी कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करणे, प्यादे शेवटच्या घरात ढकलून वजीर न ठेवताच घड्याळ दाबणे, हे सगळे पटावर घडते. पूर्वी ब्लिट्झमध्ये अशा पहिल्याच चुकीला डाव जाई. सध्या प्रतिस्पर्ध्याला वाढीव वेळ मिळतो, ब्लिट्झमध्ये १ मिनिट आणि रॅपिडमध्ये २, आणि दुसऱ्या चुकीला डाव जातो. शिवाय जलद डावांत चाली लिहिण्याची सक्ती नसते, म्हणून घरी जाऊन तपासायला काही उरत नाही. फोनवर प्रत्येक डाव आपोआप साठतो. तो उघडून बघतात मात्र फार थोडे, कारण ‘रीमॅच’चे बटण आधी दिसते.

तरीही वेग पूर्ण वर्ज्य करणे आता शक्य नाही. २००६, २०१२, २०१६, २०१८ आणि २०२३ या जगज्जेतेपदाच्या लढतींचा निकाल २५ मिनिटांच्या जलद डावांनी लागला, आणि जागतिक ब्लिट्झ स्पर्धा ३ अधिक २ वर चालते. सरावासाठीही याच वेळेला धरून राहावे, सपाट ३ किंवा १ मिनिटाला नव्हे, कारण २ सेकंदांच्या आधारावर जिंकलेला एन्डगेम निदान जिंकून तरी दाखवता येतो. एका बैठकीत एकच ओपनिंग घेऊन चार-सहा डाव खेळावेत. प्रत्येक डावानंतर तयारीतून पहिली फारकत कोणत्या चालीला झाली आणि पहिले मोहरे फुकट कुठे गेले, एवढेच बघावे. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक, त्यानंतर लावावे. लागोपाठ दोन डाव हरले की थांबावे, कारण तिसऱ्या डावापासून मूल गेलेले रेटिंग परत मिळवायला खेळते आणि ओपनिंगचा सराव बाजूला पडतो. ज्यांना एका चालीत जाणारे मोहरे अजून दिसत नाहीत, त्यांनी हेही करू नये. त्यांनी १५ अधिक १० च्या आत यायचेच नाही, आणि रविवारच्या स्पर्धेतले डावही सक्ती नसताना लिहायचे.