वायफायची रेंज पूर्ण असूनही इंटरनेट का अडते?

संगणकाच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हात सगळ्या रेषा भरलेल्या असतात, तरीही संध्याकाळ झाली की व्हिडिओ कॉल गोठतो, पाने उघडत नाहीत आणि काही वेळाने सारे आपोआप सुरळीत होते. अशी तक्रार असणाऱ्या बहुतेकांनी कारणही ठरवून टाकलेले असते: प्लॅन लहान पडतो, मोठा घ्यायला हवा. पैसे खर्च होतात आणि दुखणे तसेच राहते, कारण मुळात तपासणी झालेलीच नसते. त्या रेषा राऊटरचा रेडिओ संदेश किती जोरात ऐकू येतो एवढेच सांगतात. त्याच हवेत आणखी कितीजण बोलत आहेत, हे त्यांवरून कळत नाही.

म्हणून आधी वाट कुठे तुटते ते शोधावे. माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेला ‘पिंग’ हा छोटासा प्रोग्राम आजही विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत असतो. तो दिलेल्या पत्त्यावर एक लहान पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. बिघाड चालू असतानाच कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याच्या, दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत राऊटरला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्याला, आणि दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवावे. राऊटर दोन-तीन मिलिसेकंदांत नियमित उत्तर देत असेल आणि बाहेरचा पत्ता गप्प असेल, तर दोष राऊटरमध्ये किंवा त्यापुढच्या लाइनमध्ये आहे. दोन्हीकडून उत्तर येत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली असण्याची शक्यता मोठी. पण पुष्कळ घरांत याहून वेगळेच दिसते: शेजारच्या खोलीतल्या राऊटरचे उत्तर कधी ३, तर कधी ३०० मिलिसेकंदांत येते आणि मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे वेळेत उत्तर आलेच नाही, अशी ओळ उमटते. म्हणजे वाट घरातल्या घरातच तुटते आहे.

हे समजण्यासाठी वायफायची बोलण्याची रीत पाहावी लागते, आणि ती रीत फार सुंदर आहे. एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचे असते, पण पाळी ठरवून देणारा कुणी नसतो. म्हणून प्रत्येक उपकरण आधी ऐकते. हवा शांत वाटली, तरी ते लगेच बोलत नाही. ० ते १५ मधला एक आकडा मनाशी धरते आणि साधारण ९ मायक्रोसेकंदांच्या ठोक्याने तो उलटा मोजते. मोजता मोजता दुसरे कुणी बोलू लागले, तर मोजणी जिथल्या तिथे थांबते. दोघांचे आकडे जुळले, तर पॅकेटे एकमेकांवर आदळतात, पोच मिळत नाही आणि मग ० ते ३१ मधून, पुढे ० ते ६३ मधून, अशी दुप्पट होत १०२३ पर्यंतच्या आकड्यांतून नवी निवड होते. गर्दी वाढेल तसा प्रत्येकजण आपण होऊन अधिक थांबतो, आणि पिंगच्या खिडकीत दिसणारे ३०० मिलिसेकंद पुष्कळदा अशा साठत गेलेल्या थांबण्याचेच असतात.

आता चॅनेलकडे वळू. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ असे चॅनेल मिळतात, पण त्यांच्यात ५ मेगाहर्ट्झचेच अंतर आहे आणि प्रत्येकाला लागणारी रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ आहे. त्यामुळे एकमेकांत न मिसळणारे १, ६ आणि ११ एवढेच तीन धरले जातात. १ आणि ६ भरलेले पाहून मधला ३ ‘रिकामा’ म्हणून निवडणे हे हौशी दुरुस्तीतले सर्वांत महाग पडणारे पाऊल आहे. एकाच चॅनेलवरची उपकरणे एकमेकांच्या पॅकेटची सुरुवात ओळखतात आणि उणे ८२ डीबीएम (संदेशाची शक्ती मोजण्याचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितका संदेश क्षीण) इतक्या क्षीण संदेशालाही मान देऊन थांबतात. शेजारच्या चॅनेलवरून येणारा अर्धवट संदेश त्यांना ओळखता येत नाही. तो निव्वळ ऊर्जा म्हणून मोजला जातो आणि त्यासाठीची मर्यादा उणे ६२ डीबीएम, म्हणजे शंभरपट अधिक शक्तीची आहे. या दोहोंमधल्या ताकदीचा शेजारी बोलत असला, तरी आपले उपकरण हवा मोकळी समजून बोलू लागते आणि दोघांचेही पॅकेट बिघडू शकते.

राऊटर बंद करून चालू केल्यावर बरे का वाटते, याचेही एक उत्तर इथे आहे. अनेक राऊटर सुरू होताना हवा तपासतात, त्या क्षणी शांत असलेला चॅनेल धरतात आणि मग त्यालाच चिकटून राहतात. दुपारी शांत असलेला चॅनेल रात्री नऊला, सगळा मजला घरी आल्यावर, गजबजलेला असतो, म्हणून दुखणे उलटते.

संगणकाजवळच्या दोन गोष्टीही तपासाव्यात. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे याच पट्ट्यात, काम करतो, आणि यूएसबी ३ च्या तारा व जोडण्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ साली मोजून दाखवले आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडताच वायफायबरोबर वायरलेस माउसही अडखळू लागला, तर संशय तिच्यावरच घ्यावा आणि ती लांब ठेवून पाहावी.

राऊटरला किंवा फोनला चिकटवायच्या ‘सिग्नल वाढवणाऱ्या’ स्टिकरांवर मात्र एक रुपयाही घालवू नये. ज्याला वीजच मिळत नाही, असा चिकट कागद संदेशात शक्तीची भर घालू शकत नाही. तसेच राऊटरवर ‘५जी’ लिहिलेले दिसते ते ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सांगण्यासाठी असते, मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा संबंध नाही. हा पट्टा खरोखर उपयोगी आहे: त्यात न मिसळणारे चॅनेल कितीतरी अधिक आहेत आणि त्याच्या लहरी भिंतींतून कमी जात असल्यामुळे शेजाऱ्यांचा गोंगाटही कमी येतो. अर्थात त्याच कारणाने दोन भिंतींपलीकडच्या खोलीत तो फिका पडतो.

टेबलावरचा संगणक जागचा हलत नसेल, तर त्याला राऊटरपासून लॅनची तार ओढून द्यावी. ही तार १०० मीटरपर्यंत चालते आणि तिच्यावर पाळीसाठी थांबावे लागत नाही. तार जोडून पुन्हा दोन्ही खिडक्यांत पिंग चालवावे. आता राऊटरचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत नियमित येत असेल आणि तरीही बाहेरचे उत्तर तुटत असेल, तर त्या खिडक्यांची छायाचित्रे वेळेसकट जपून ठेवावीत आणि कंपनीकडे तक्रार करताना तीच पुढे करावीत.