शतपावलीला पदपथ हवा

मधुमेहाचा विषय निघाला की "रोज चालत जा" हा सल्ला ठरलेलाच असतो. चालायचे कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीचा १०.१ कोटी भारतीय मधुमेहींचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही बहुतेकांनी बोल लावला तो लोकांच्या आळसाला आणि जिभेच्या चोचल्यांना. वस्तीची आखणी आणि रक्तातील साखर यांचा संबंध किती जवळचा आहे, हे कळण्यासाठी मांडीच्या स्नायूत डोकवावे लागते.

जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायू उचलतात, पण ग्लुकोजला पेशीच्या आवरणातून आपणहून आत जाता येत नाही. त्यासाठी 'ग्लुट-४' हे वाहक प्रथिन लागते आणि एरवी ते पेशीच्या आत सूक्ष्म पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, पडून असते. इन्शुलिनचा निरोप आला की या पुटिका आवरणापाशी येऊन त्यात मिसळतात आणि ग्लुकोजला वाट मिळते. दुसऱ्या प्रकारच्या (टाइप-२) मधुमेहात हा निरोप नीट पोहोचत नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा मात्र पेशीत मुक्त कॅल्शियम वाढते, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी खर्च होऊन त्यातून उरणारे एएमपी वाढते, त्यामुळे एएमपीके हे विकर (एन्झाइम) कार्यरत होते आणि अशा संकेतांमुळे इन्शुलिनची वाट न पाहता ग्लुट-४ आवरणाकडे सरकू लागते. मधुमेही माणसातही ही दुसरी वाट बऱ्याच अंशी शाबूत असते, हे मला या साऱ्या शरीरक्रियेतील सर्वांत विलक्षण वाटते. त्यामुळे जेवणानंतर दहा मिनिटे चालणेही वाया जात नाही. दहा हजार पावलांचा आकडा तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला आहे, शरीरशास्त्रातून नव्हे. तो पूर्ण झाला नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

भाजी, दूध, शाळा आणि बसथांबा चालत जाण्याजोग्या अंतरावर असले, तर हे आकुंचन वेगळी वेळ न काढता दिवसातून चार वेळा घडते, आणि ताजी पालेभाजी हाताशी असली की ताटातही तीच येते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी हवी आणि त्याची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी टेप लावली, तर कड २९ सेंटिमीटर भरली; वर चढल्यावर आधी विजेची पेटी, पुढे दोन दुचाक्या आणि मग एक उखडलेली फरशी. शेजारच्या काकू गुडघ्यांमुळे तेथे चढतच नाहीत आणि आठ मिनिटांच्या अंतरावरच्या मंडईत रिक्षाने जातात.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातील कामे सुचवता येतात. यंदा मी ही कड उतरती करण्याचे काम सुचवले आणि कारण म्हणून 'मधुमेह' असे लिहिले.