कॉलेजची फी: महाडीबीटीची पात्रता, दाखले आणि अर्ज, निकालाआधीच करायची तयारी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी फीचा विषय निघतो. तोवर कॅपचं, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, वेळापत्रक आलेलं असतं, सेतू केंद्रासमोर रांग असते आणि उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा निघतो. फीमाफीला पात्र असलेली कितीतरी मुलं अशी केवळ कागदांमुळे मागे राहतात. म्हणून ज्यांची मुलं यंदा अकरावी-बारावीत किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती मुद्दाम आधी देत आहे. यातल्या मुख्य योजनांचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायचे असतात. उदाहरण महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं, म्हणजे इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी, एमबीए वगैरेंचं आहे.

कोणाला किती मिळतं

खुल्या प्रवर्गासाठी मुख्य योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची ५० टक्के रक्कम मिळते. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना आता हे शुल्क १०० टक्के माफ आहे. २०२४-२५ पासून हे लागू झालं, आणि तेव्हा आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही नूतनीकरणात त्याचा लाभ मिळाला.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. उत्पन्न त्याच्या वर असेल तर त्यांच्यासाठी फ्रीशिप, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची योजना आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं म्हणून काहीच मिळणार नाही, असं समजून अर्जच न करणारी कुटुंबं असतात. कृपया तसं करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची अट. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असला पाहिजे. मुलींच्या फीमाफीतून व्यवस्थापन कोटा (कॉलेज स्वतः भरतं त्या जागा) आणि संस्था स्तरावरचे प्रवेश स्पष्टपणे वगळले आहेत, आणि राजर्षी शाहू योजनेलाही कॅपचाच प्रवेश लागतो. हे पालकांच्या लक्षात उशिरा येतं. पहिल्या राउंडला हवं ते कॉलेज मिळालं नाही की घरात अस्वस्थता वाढते, कोणीतरी ‘कॉलेजमध्ये थेट जागा करून देतो’ म्हणतं आणि पैसे भरले जातात. त्या एका सहीबरोबर चार वर्षांची फीमाफी जाते. जागा मिळवण्याची घाई करण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा: ही जागा कॅपची आहे का, आणि अलॉटमेंट लेटर सीईटी सेलचं, म्हणजे कॅप राबवणाऱ्या राज्याच्या कक्षाचं, मिळणार का? उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या राउंडसाठी थांबलेलं बरं.

राजर्षी शाहू योजनेच्या बाकीच्या अटी थोडक्यात सांगतो. विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा. अभ्यासक्रम पूर्णवेळ हवा, दूरशिक्षण किंवा अर्धवेळ चालत नाही. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ मिळतो. दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. दुसऱ्या वर्षापासून आधीच्या सत्रातली किमान ५० टक्के हजेरीही बघतात.

फीच्या पावतीतलं नेमकं काय माफ होतं

‘मुलींना शिक्षण मोफत’ हे शब्द ऐकून पालक कॉलेजात जातात आणि तरीही पैसे मागितल्यावर गोंधळतात. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विनाअनुदानित कॉलेजच्या फीमध्ये विकास शुल्क वेगळं असतं आणि ते या माफीत येत नाही. वसतिगृह, मेस, अनामत रक्कम, बस हेही वेगळं. समजा एका कॉलेजची मंजूर फी १ लाख १० हजार आहे, त्यात १ लाख शिक्षण शुल्क आणि १० हजार विकास शुल्क. मुलगी पात्र असेल तर तिला १० हजार भरावे लागतील, मुलगा असेल तर ६० हजार. घरापासून लांब राहायचं असेल तर खोली आणि जेवणाचा खर्च त्यावर, आणि बऱ्याच कुटुंबांना फीपेक्षा तोच जड जातो.

कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. पसंतीक्रम भरण्याआधी ती बघाच. आणि पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नये, अशा सूचना शासनाने कॉलेजांना वेळोवेळी दिलेल्या आहेत. मागितलीच तर शांतपणे लेखी अर्ज द्या, त्यावर शासन निर्णयाची तारीख लिहा आणि पोच घ्या.

राहण्याच्या खर्चासाठीही योजना आहेत. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महानगरपालिकांच्या हद्दीत ५१ हजार आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम योजना आहे, इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज राजर्षी शाहूच्या अर्जासोबतच महाडीबीटीवर भरावा. हा अर्ज फार जण विसरतात. अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा.

दाखले कोणते आणि कधी

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तो आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतो. शेती किंवा मजुरी करणाऱ्यांना तलाठ्याचा उत्पन्न अहवाल जोडावा लागतो, नोकरदारांना फॉर्म १६. दाखला संपलेल्या आर्थिक वर्षाचा हवा, म्हणून तो १ एप्रिलनंतरच काढा. मार्चमध्ये काढलेला दाखला जूनमध्ये कामाला येत नाही. लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, म्हणजे एप्रिलमध्ये अर्ज केला तर मे महिन्यात कागद हातात असतो. हातात आला की लगेच वाचा. नाव, वर्ष आणि आकडा अक्षरी व अंकी सारखाच आहे का, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, हे बघा. ‘ज्ञानेश्वर’चं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं आणि दाखल्यावर तिसरं, असं सर्रास असतं. पडताळणीत अर्ज अडकतो तो तिथेच.

वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो, ते एकदाच काढावं लागतं. हे काम अकरावीतच उरकून टाका. जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. वैधतेसाठीचा अर्ज तर अकरावी-बारावीच्या कॉलेजमार्फतच करून ठेवा. नॉन-क्रिमी लेयर असलं तरी शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो, तो टाळता येत नाही.

याशिवाय रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजची फी पावती आणि कुटुंबातल्या अपत्यांबद्दलचं स्वयंघोषणापत्र तयार ठेवा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रमाणपत्र. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. मुलगा किंवा मुलगी वसतिगृहात असेल तर तिथलं प्रमाणपत्र. सगळं मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेलं तिरकं छायाचित्र नको, नीट स्कॅन केलेलं हवं.

बँक खात्याचं काम दाखल्यांइतकंच महत्त्वाचं आहे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं विद्यार्थ्याचं स्वतःचं हवं, आईचं किंवा वडिलांचं चालत नाही. विद्यार्थ्याची दोन खाती असतील तर आधारशी सर्वांत शेवटी जे जोडलं गेलं त्यात रक्कम जाते, म्हणून शाळेत असताना काढलेलं, आता बंद पडलेलं खातं जोडलेलं राहिलं नाही ना, ते आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगच्या स्थितीत बघून घ्या. आधारला स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, नाहीतर ओटीपीच येणार नाही. पंधराव्या वर्षानंतरचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरण राहिलं असेल तर तेही आधी करून घ्या.

महाडीबीटीवर अर्ज

कॉलेजात प्रवेश पक्का झाला की अर्ज भरायला घ्या. नोंदणी आधारच्या ओटीपीने होते. मग प्रोफाइल भरायचं: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह. सध्याच्या अभ्यासक्रमाच्या पानावर कॅपमधून प्रवेश झाला का, असं विचारतात, तिथे होय निवडून कॅपचा अर्ज क्रमांक टाकायचा. अभ्यासक्रमाचं आणि शाखेचं नाव यादीतून अचूक निवडा, कारण फीची रक्कम त्यावरून ठरते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग या यादीत वेगळ्या ओळी असतात.

प्रोफाइल पूर्ण भरलं की तुम्ही पात्र असलेल्या योजना पोर्टलच दाखवतं. हवी ती योजना अपेक्षित असूनही दिसत नसेल तर जात, उत्पन्न किंवा कॅपच्या रकान्यात चूक आहे असं समजा आणि मागे जाऊन तपासा. कोणतीतरी दुसरी योजना निवडून पुढे जाऊ नका.

अर्ज सबमिट झाला की अर्ज क्रमांक मिळतो. प्रिंट काढून कागदपत्रांसह कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या. आधी कॉलेजचे लिपिक तपासतात, मग प्राचार्यांच्या लॉगिनला जातो आणि पुढे संबंधित विभागाकडे. यात कुठेही त्रुटी आढळली तर अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन तुमच्या खात्यात परत येतो, आणि तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. म्हणून एकदा सबमिट केल्यावर पोर्टल विसरू नका. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघा. मुलांना वेळ नसेल तर हे काम आई-वडिलांनी घ्यावं. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्जही वेगळा करावा लागतो, पहिल्या वर्षाच्या मंजुरीवर पुढची वर्षं चालत नाहीत.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज

मुलगी दहावी झाली असेल किंवा अठरा पूर्ण झाली असेल आणि तिचं सुकन्या समृद्धी खातं असेल, तर प्रवेशाचा पुरावा दाखवून मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकेच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. आधी ती वापरा, मग कर्जाचा विचार करा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ठरवून दिलेल्या नामांकित संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधी, व्याजात ३ टक्के सवलत आहे. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल तर त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. तुमचं कॉलेज यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर बघा. इथेही व्यवस्थापन कोट्याचा प्रवेश चालत नाही. इतर मागास वर्गातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, देशातल्या शिक्षणासाठी १० लाख आणि परदेशासाठी २० लाखांपर्यंतच्या कर्जावर.

कोणतीच सवलत लागू होत नसेल तर व्याजाचा हिशेब आधी मांडा. समजा चार वर्षांत दरवर्षी सव्वा लाख असं ५ लाखांचं कर्ज १० टक्के सरळव्याजाने घेतलं आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू झाली. तोवर फक्त व्याजच १ लाख ७५ हजार झालेलं असतं. शिकत असतानाच दर महिन्याला व्याज भरत राहिलात तर हा बोजा मुद्दलावर चढत नाही आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलाचा हप्ता बराच हलका होतो. भरलेल्या व्याजावर जुन्या करप्रणालीत कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, त्यासाठी बँकेकडून दर मार्चनंतर व्याजाचं प्रमाणपत्र मागून घ्या.